खुर्चीपाशी ठेवलेला रेकॉर्डर

साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट म्हणून मी एकतीस हंगाम काढले. लोकांना वाटतं, केमिस्ट म्हणजे साखर बनवणारा. साखर उसातच असते. ती वाटेत कुठं कुठं सांडते, एवढंच आम्ही बघायचो. चिपाडात किती गेली, मळीत किती गेली, गाळावाटे किती गेली. आणि हे सगळं मांडून झाल्यावरही जिचा पत्ता लागत नाही, ती किती. त्या बेपत्ता साखरेला आम्ही ‘अननोन लॉस’ म्हणायचो, आणि ती वाढली की सकाळच्या बैठकीत मला उभं करायचे. जणू मीच खिशात घालून घरी नेत होतो. त्यामुळं मी रिटायर झाल्यावर मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, की आता गाणी ‘लॉसलेस’ विकत मिळतात, रेकॉर्डिंगच्या वेळी जे होतं ते सगळंच्या सगळं फाइलीत असतं, काही म्हणजे काही गळत नाही, तेव्हा मी सरसावून बसलो. काहीच न सांडणारी गोष्ट या जगात असते यावर माझा विश्वास नव्हता. पण साठीला आलेला माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो.

आमचा कारखाना इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याहून थोडं पुढं. कॉलनी गेटला लागूनच. गाळप सुरू झालं की चार-साडेचार महिने आवाज बंद म्हणून नसायचा. त्यात माझं काम मळीतून साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल यंत्रांपाशी. ती वेग घेऊ लागली की कानात सुई घालून फिरवल्यासारखं व्हायचं. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं. मध्येच कधी मिल थांबली तर अख्खी कॉलनी दचकून जागी व्हायची, इतकी आम्हाला त्या आवाजाची सवय. गाण्याचं वेड मला कॉलेजपासूनचं, पण त्या कल्लोळात कुठलं गाणं आणि कुठलं काय. हंगाम संपला की मशिनरी खोलायचं काम निघायचं. मनाशी एकच ठरवलं होतं, की रिटायर झालो की बारामतीत घर, घरात एक शांत खोली, आणि ऐकेन तर नीट ऐकेन.

घर झालं. कन्हेरीच्या बाजूला बांधलं, कारण बायकोचं माहेर कन्हेरीचं. पुढच्या खोलीत मी दोन स्पीकर मापानं ठेवले आणि दोन्हींपासून सारख्या अंतरावर माझी खुर्ची. पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडं. बायको म्हणाली, “हितं बसला की तुमचं तोंडच दिसत न्हाय.” मी म्हणालो, आवाज नीट लागायला खुर्ची इथंच हवी. त्यावर ती काही बोलली नाही, किंवा बोलली असेल.

मुलीनं खरेदी शिकवली. वेबसाइटवर जायचं, गाणं निवडायचं, साधी फाइल आणि लॉसलेस फाइल यांतली लॉसलेसवर खूण करायची, कार्डाचा नंबर घालायचा, मोबाइलवर आकडा येतो तो टाकायचा. त्या आकड्याला मिनिटाची मुदत आणि माझा चष्मा नेमका दुसऱ्या खोलीत. मग डाउनलोड. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. एकेक फाइल केवढीच्या केवढी. दुपारभर ती उतरताना बघत बसायचं, रसाच्या टाकीची पातळी बघावी तसं. मी कंठसंगीत घेतलं, बासरी घेतली, सारंगी घेतली. सहा-आठ महिन्यांत चारशेच्या वर फाइली झाल्या.

आणि आवाज बसलेला.

वाईट नव्हता. गायकाचा आवाज भरदार यायचा, तबल्याचा डग्गा छातीत वाजायचा. पण वरचं काही नाही. तंबोऱ्याच्या तारेतून एक बारीक झळाळी निघते, ती कॉलेजात एका मैफलीत मी अगदी पुढं बसून ऐकली होती. तीच ऐकायला तर एवढा सगळा खटाटोप. ती कुठंच नव्हती. मला वाटलं, फसवलं. साधीच फाइल मोठी करून लॉसलेस म्हणून विकतात, असं इंटरनेटवर लोक लिहीत होतेच. भेसळ मला नवीन नव्हती.

मी शोधाला लागलो. लॉस कुठं होतोय हे शोधण्यापलीकडं मी आयुष्यात दुसरं केलंय काय? आधी संशय फाइलीच्या प्रकारावर घेतला. या लॉसलेस फाइली थोड्या दाबून लहान केलेल्या असतात. मुलगी म्हणाली, दाबल्या तरी उघडताना जशाच्या तशा उघडतात. मी म्हणालो, दाबलं की काहीतरी गळणारच, हे मला सांगू नकोस, मी चिपाड बघितलंय. म्हणून चारशे फाइली मी न दाबलेल्या प्रकारात फिरवून घेतल्या. त्याला दहा-बारा दिवस गेले. डिस्क दुपटीनं भरली, आणि त्या प्रकारात फाइलीबरोबर नावं नीट राहत नाहीत हे सगळं झाल्यावर कळलं. कोण गातंय, राग कुठला, सगळं पुसलं गेलं. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. मग एकेक वाजवून, ओळखून, नाव टाकत बसलो. उन्हाळाभर हेच. गाणं ऐकायला म्हणून बसलो होतो आणि कारकुनी करत होतो. खरं सांगायचं तर तेव्हाच कंटाळा आला होता. पण कंटाळा आला म्हणून काम सोडायची सवय नव्हती.

आवाज तसाच.

मग दुकानाला पत्र लिहिलं. त्यांचं नम्र उत्तर आलं, की फाइल तपासली, मूळ रेकॉर्डिंगची आहे, कृपया आपली उपकरणं तपासून बघावीत. मी दोन वायरी बदलल्या. मग अॅम्प्लिफायर बदलला. त्याच सुमारास पणदऱ्याचे एक आबा यायला लागले. कारखान्यात ते पॅनवर होते, साखरेचा पाक शिजवायचे. आता चार गाई सांभाळतात आणि डेअरीला दूध घालून झालं की मोटरसायकलवर माझ्याकडं येतात. त्यांना मी गाणं ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग कारखान्यातल्यासारखे ओरडून म्हणाले, “सायेब, झांजंला फडकं गुंडाळल्यावानी वाटतंय!”

“व्हय ना, आबा?” मीही ओरडलो.

“व्हय! कायतरी न्हायच त्येच्यात!”

झालं, मला साक्षीदार मिळाला. आम्ही दोघांनी आयुष्य एकाच आवाजात काढलेलं आहे, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही. उलट आबांचं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू यायचं, म्हणून माझे कान उत्तम आहेत अशी माझी खात्री होती. ऐकू येत नव्हतं ते फक्त बायकोचं. ती तोंडातल्या तोंडात बोलायला लागलीय असं मला वाटायचं. दहादा सांगितलं, जरा मोठ्यानं बोलत जा. मग ती कमीच बोलायला लागली. मला वाटलं, वय झालं की माणूस शांत होतो.

एके दिवशी मी एकच गाणं आलटून पालटून लावत होतो, एकदा लॉसलेस, एकदा मोबाइलवरची साधी फाइल. मला फरक शून्य. बायको चहा घेऊन समोर आली, कप ठेवला आणि म्हणाली, “मघाचं बरं हुतं. त्यात बारीक कायतरी झिणझिणत हुतं. आता ते गेलं.”

मघाशी लॉसलेस होतं.

“तुला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणालो.

“मला न्हाय कळत. ऐकू येतंय तेवढं सांगितलं.” आणि जाता जाता, “नाचता येईना अंगण वाकडं.”

मी हसलो. तीही थोडी हसली. मग मी पुन्हा वायर बदलली.

शेवटी मी एक छोटा रेकॉर्डर मागवला. विचार केमिस्टचाच होता. नमुना प्रत्येक टप्प्यावर घ्यायचा, म्हणजे गळती कुठल्या टप्प्यावर आहे ते सापडतं. फाइलीचा आलेख मी बघितला होता. कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र दिसतं, खाली जाड सूर, वर बारीक. फाइलीत बारीक सूर होते. आता स्पीकरमधून निघून ते खुर्चीपर्यंत पोचतात का, ते बघायचं. स्टुलावर, माझ्या कानाच्या उंचीला रेकॉर्डर ठेवला आणि चार दुपारी चार रेकॉर्डिंग केली. पहिलं उघडून चित्र बघितलं. बारीक सूर वरपर्यंत होते, अगदी ठसठशीत. म्हणजे खुर्चीपर्यंत माल पूर्ण पोचत होता. एकतीस हंगाम ज्यानं नळीनळीवर बाटल्या लावून नमुने घेतले, त्याला खुर्चीच्या पुढं आता कोण उरलं, हे सुचायला हवं होतं. मी निष्कर्ष काढला, की रेकॉर्डर बोगस आहे. बाकीची तीन रेकॉर्डिंग उघडलीसुद्धा नाहीत.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी रेशनकार्ड शोधताना कपाटात साड्यांखाली एक लांबट पाकीट सापडलं. इंदापूरच्या दवाखान्याचं. आमच्या कॉलनीत पूर्वी एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी नंतर इंदापुरात दवाखाना काढला, त्यांचं. आत रिपोर्ट होता. बायकोच्या छातीत गाठ होती. सुईनं त्यातला नमुना काढून तपासायला पाठवला होता. गाठ साधी निघाली होती, काळजीचं कारण नाही असं खाली लिहिलेलं. तारीख महिन्यापूर्वीची. पाठवल्याची तारीख आणि निकालाची तारीख यांत आठ दिवस. ते आठ दिवस ती याच घरात भाकऱ्या करत होती आणि मी वायरी बदलत होतो.

मला धडकी भरली, आणि धडकीचा लगेच राग झाला. माझं असंच होतं.

“हे काय आहे? मला का नाही सांगितलंस?”

तिनं पाकिटाकडं बघितलं. “सांगितलं हुतं.”

“कधी?”

“जायच्या आदल्या दिवशी. तुमी गाणं लावून बसला हुता.”

“अजिबात नाही. असलं काही मी विसरेन का?”

“यीन म्हणला हुता तुमी.”

“खोटं बोलू नकोस,” मी म्हणालो.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण तिला खोटारडी मी कधी म्हटलं नव्हतं. तिनं पाकीट माझ्या हातातून घेतलं, होतं तिथं ठेवलं, वर साड्या लावल्या. त्या दिवशीची सकाळ मला आठवत होती. मी नेहमीसारखा साडेसहाला फिरायला गेलो होतो. आम्हा रिटायर लोकांची टोळी आहे, फिरणं अर्धा तास आणि चहा दोन तास. नऊला आलो तर घराला कुलूप. किल्ली शेजारी. मला वाटलं, कन्हेरीला भावाकडं गेली असेल. संध्याकाळी आली तेव्हा मी विचारलंही नाही, कारण कन्हेरीला ती अशीच जायची.

पुढचे दोन महिने घर चालू होतं. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या. भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. मी मनात तिच्यावर चिडलेलो होतो, की एवढी मोठी गोष्ट लपवली आणि वर आळ माझ्यावर. आणि आतून दमलो होतो. गाणं लावावंसं वाटेना. लावलं तरी ते बसलेलंच. आबा आले की ओरडून बोलायचे, मी ओरडून उत्तरं द्यायचो, आणि ते गेल्यावर घर अजूनच गप्प वाटायचं. एकदा वाटलं, सगळं विकून टाकावं, स्पीकर, अॅम्प्लिफायर, सगळं. घेणार कोण, हा प्रश्न होताच.

विकण्याच्या आधी डिस्क रिकामी करायला घेतली. दुपारी जेवणानंतर बसलो. दुबार झालेल्या फाइली काढून टाकत टाकत त्या चार रेकॉर्डिंगपाशी आलो. सरळ पुसता आली असती. पण लॅबमध्ये एक शिस्त होती, की नमुना ओतून देण्याआधी एकदा बघायचा. नाहीतर मागून कुणी विचारलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. दुसरं उघडलं, चित्र बघितलं, पुसलं. तिसरं उघडलं.

तिसऱ्याच्या चित्रात एक गंमत दिसली. सुरुवातीला निव्वळ तंबोरा होता, म्हणजे सरळ पट्टे दिसायला हवेत. मध्येच पट्ट्यांवर आडवेतिडवे डाग होते, थोडे थांबून थोडे, असे तीन-चार वेळा. मला वाटलं, सापडला लॉस. इथंच काहीतरी खरखर आहे. हेडफोन घातला, आवाज होता तेवढा मोठा केला आणि लावलं.

तंबोरा. आणि मागून, लांबून, “अहो.”

थोडं थांबून, “अहो, ऐकताय का?”

मग पावलं वाजली. आवाज जवळ आला. ती माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिली असणार, खुर्चीपासून दोन हातांवर. “उद्या इंदापूरला जायचंय, डॉक्टरीणबाईंकडं. हितं छातीत गाठ लागतीया हाताला. मला भ्या वाटतंय. तुमी येताय का माझ्यासंगं?”

तंबोरा चालू होता. गायकानं पहिला सूर लावला. आणि अगदी रेकॉर्डरला चिकटून, जाड, समाधानी आवाजात कुणीतरी म्हणालं, “हं.”

तो मी. सुराला दिलेली दाद होती ती. मी डोळे मिटून बसलो असणार, मान डोलावत.

“मग सव्वासातची एसटी हाय,” ती म्हणाली. आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, ओझं खाली ठेवल्यासारखं. पावलं परत गेली.

मी ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. किती वेळा, ते मोजलं नाही. गोष्ट अशी, की एवढा आवाज वाढवूनही तंबोऱ्याची ती झळाळी मला ऐकू आलीच नाही. चित्रात मात्र ती शेवटपर्यंत दिसत होती. फाइल चांगली होती, वायर चांगली होती, अॅम्प्लिफायर दोन्ही चांगले होते. रेकॉर्डरनंही काहीच गाळलं नव्हतं. मी हेडफोन काढला आणि मला लाज वाटली. नुसती लाज नाही. मला रडू आलं, आणि साठी उलटलेल्या माणसाला भर दुपारी रडताना कुणी बघू नये म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

ती स्वयंपाकघरात खाली बसून शेंगा फोडत होती. मी लॅपटॉप तसाच उघडा हातात धरून दारात उभा राहिलो. म्हटलं, हे ऐक. माझं चुकलं, तू सांगितलं होतंस, इथं सगळं आहे. मला ते तिला ऐकवायचंच होतं; खरं कोणाचं होतं याचा पुरावा हातात होता, आणि पुरावा दाखवल्याशिवाय मला माफीसुद्धा मागता येत नाही. मी बटणावर बोट ठेवलं.

तिनं हात झटकले. “मला कशाला ऐकवताय? मी हुते की तितं.”

मी लॅपटॉप मिटला. ती शेंगांकडं वळली, पाठ माझ्याकडं, आणि खाली मान घालून आणखी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. दुसरा कुठला दिवस असता तर मी “हं” म्हणून निघून आलो असतो. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, वळसा घालून तिच्या समोर गेलो, गुडघे कुरकुरत होते तरी खाली फरशीवर बसलो आणि तिच्या तोंडाकडं बघत विचारलं, “काय म्हणालीस?”

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाली, “सात वाजंपतोर. दारात. चप्पल घालून उभी हुते मी.”